एन्चांटिंगची परवानगी

एखाद्या मुलीनं निबंधात ‘एन्चांटिंग’ हा शब्द लिहिला की वेंकोबारावांचं वाचन तिथंच थांबायचं. चष्मा कपाळावर चढायचा, कोटाच्या खिशातली लाल पेन्सिल बाहेर यायची आणि त्या मुलीकडे रोखून बघत ते एवढंच विचारायचे, “व्हॉट डिड यू फर्गेट?” काय विसरलीस? मुलगी गांगरली तर तोच प्रश्न तमिळमध्ये. तरीही ती गप्प राहिली, तर लाल रेघ त्या शब्दावरून सरळ आडवी जायची आणि वर बारीक अक्षरात ‘नाइस’ लिहिलं जायचं.

एकदा एका मुलीनं लिहिलं होतं, की मरीनावरचा सूर्योदय एन्चांटिंग होता. प्रश्न आला. ती चाचरत म्हणाली, “सर, चपला विसरले. वाळूतच राहिल्या. घरी गेल्यावर आईनं मारलं.” वेंकोबारावांनी पेन्सिल खिशात ठेवली आणि म्हणाले, “लेट इट स्टँड.” राहू दे. त्या मुलीला त्या दिवशी वर्गात जो भाव आला, तो पहिल्या नंबरानंही आला नसता.

मद्रासला एग्मोर भागातल्या मुलींच्या शाळेत ते इंग्रजीचे सर्वांत जुने शिक्षक आणि सगळ्या शाळेत एकटेच पुरुष. पांढरं धोतर, बंद गळ्याचा काळा कोट, तपकिरीची डबी आणि ऊन असो वा नसो, छत्री. मी तिथं हंगामी शिक्षिका म्हणून लागले तो पन्नास ते साठ सालांमधला काळ. पहिल्याच दिवशी स्टाफरूममध्ये त्यांनी माझं आडनाव ऐकलं आणि हातातली कॉफी खाली ठेवून म्हणाले, “बाई, आपण मराठी की? जेवण झालें की?” मी बघतच राहिले. शब्द माझे आणि सूर तमिळ. तंजावरकडच्या मराठ्यांबद्दल मी नुसतं ऐकून होते, माणूस प्रथमच बघत होते.

“आमचे वाडवडील इकडे आले, त्यानंतर कोणीहि परत गेला नाहीं,” ते म्हणाले. “मीं महाराष्ट्र देखिलाच नाहीं. तुमची मराठी ऐकोन वाटतें, फार लौकर पळती. जरा सावकाश बोला. मज आवडेल.”

परमुलखात आपली भाषा ऐकली की पोटात कसं बरं वाटतं, ते काय सांगू! आणि मला तेव्हा बरं वाटण्याची गरजही होती. आमचे हे संरक्षण खात्याच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन. लग्नाला तीन वर्षं झाली आणि यांना क्षय निघाला. तांबरमच्या बाजूला सॅनिटोरियममध्ये ठेवलं. भेट फक्त रविवारी, चार ते पाच. मी टी. नगरला एका घराच्या मागच्या दोन खोल्यांत राहत होते. सासूबाईंची कऱ्हाडहून पत्रावर पत्रं यायची, “तू एकटी तिथं काय करतेस? निघून ये.” मी कळवलं होतं, की नोकरी आहे, येता येत नाही. म्हणजे माझी नोकरी होती म्हणून मी मद्रासला होते आणि मद्रासला होते म्हणून यांना आठवड्यातून एक तास कुणाचं तोंड दिसत होतं. नोकरी सुटली असती तर मी कऱ्हाडला आणि हे इथं एकटे. दुसरा मार्ग नव्हता.

नोकरी कायम व्हायची ती एका तासावर अवलंबून. इन्स्पेक्ट्रेस बाई येणार, मागं बसून माझा पाठ बघणार आणि शेरा लिहिणार. हेडमिस्ट्रेसबाईंनी तारीख सांगितली आणि धडाही सांगितला. थर्ड फॉर्मला, म्हणजे आपल्या आठवीला, एका तळ्याचं वर्णन होतं. त्यातला मुख्य शब्द कोणता असावा? एन्चांटिंग. जळलं मेलं ते विशेषण! दुसरा एखादा धडा असता तर ही गोष्ट घडलीच नसती.

त्या काळची पद्धत अशी, की कठीण शब्द फळ्यावर लिहायचा, समोर तमिळमध्ये अर्थ लिहायचा, मुलींनी एका सुरात म्हणायचा आणि मग वाक्यात उपयोग. माझं तमिळ भाजीवाल्यापुरतं. वेंकोबारावांनी मला आठ दिवस शाळा सुटल्यावर बसवलं. “मनदैक् कवरुम्,” ते म्हणायचे, “मन हरण करणारें. पुन्हा म्हणा.” मी म्हणायची. “अय्यो, बाई, हें मन हरण नाहीं केलें, ओढोन नेलें. सावकाश.”

आणि मग त्या शब्दाबद्दल सांगायचे. “सुंदर ही वस्तूची गोष्ट आहे. फूल सुंदर, डोंगर सुंदर. तुम्ही पाहा, नका पाहूं, तें सुंदरच. हा शब्द वस्तूचा नव्हे, पाहणाऱ्याचा आहे. मंत्र पडला त्याचें कांहीं तरी सुटतें. हातांतलें सुटेल, चुलीवरचें उतूं जाईल, मनांतलें निघोन जाईल. कांहींच सुटलें नाहीं तर मंत्र कसला? तर मग ‘नाइस’ लिहावें. ‘नाइस’ लिहिण्यांत लाज नाहीं.”

मी विचारलं, “राव सर, तुम्ही स्वतः कधी वापरलात हा शब्द?”

“पोदुम,” ते म्हणाले. म्हणजे पुरे. “फळा पुसा.”

उठताना मात्र त्यांनी बजावलं, “एक गोष्ट ऐका. पोरींकडून वाक्यें पाठ करवूं नका. दुसरा कोणताहि शब्द पाठ करवा. हा नको.” मी बरं म्हटलं.

बरं म्हटलं आणि दुसऱ्याच दिवशी पाठ करवून घ्यायला बसले. का, तर हेडमिस्ट्रेसबाईंनी मला खोलीत बोलावून सांगितलं, की इन्स्पेक्शनला या शाळेची एक रीत आहे. प्रश्न विचारला की सगळ्या मुलींनी हात वर करायचे. जिला येतं तिनं उजवा, जिला येत नाही तिनं डावा. बाईंनी फक्त उजव्या हाताकडे बोट दाखवायचं. “मिसेस साठे, रिस्क घेऊ नका. तुमच्या जागेसाठी चार अर्ज माझ्या टेबलावर आहेत,” त्या म्हणाल्या. धमकी नव्हती, खरी गोष्ट होती. मी घरी बसून बारा वाक्यं लिहिली. चंद्र एन्चांटिंग, मोर एन्चांटिंग, समुद्रावरचं चांदणं एन्चांटिंग. बारा मुलींना एकेक वाटून दिलं. पोरींनी दोन दिवसांत घडाघडा पाठ केलं. वेंकोबारावांना कळू नये म्हणून मी दार लावून घेत होते. दार लावताना मनात टोचत होतं, खोटं कशाला सांगू? पण यांचा चेहरा डोळ्यांपुढे आला की टोचणं बंद व्हायचं.

इन्स्पेक्शनचा दिवस आला. इन्स्पेक्ट्रेस बाई मलबारकडच्या, पांढरी खादीची साडी, हसणं नाही की बोलणं नाही. मागच्या बाकावर त्या, शेजारी हेडमिस्ट्रेस आणि कोपऱ्यात छत्री पायाशी ठेवून वेंकोबाराव. मी धडा वाचला. शब्द लिहिला. ‘मनदैक् कवरुम्’ सावकाश म्हटलं. मुलींनी एका सुरात म्हटलं. मग मी म्हटलं, “कोण वाक्य सांगेल?” आणि वर्गभर हात वर झाले. पहिली उजव्या हाताची मुलगी उठली, चंद्र सांगून बसली. दुसरीनं मोर सांगितला. वाक्यामागून वाक्य, एकही अडखळली नाही. इन्स्पेक्ट्रेस बाईंचं पेन चालू होतं. आठव्या वाक्याला त्या चक्क हसल्या. हेडमिस्ट्रेसनं मला डोळ्यांनीच ‘झालं’ म्हणून खूण केली. माझ्या जिवात जीव आला.

आणि नेमक्या त्या क्षणी इन्स्पेक्ट्रेस बाई वेंकोबारावांकडे वळून म्हणाल्या, “अॅन एन्चांटिंग लेसन! इझन्ट इट, मिस्टर राव?”

सगळ्या वर्गानं एकदम माना मागं वळवल्या. त्या बाईंना काय ठाऊक! पोरींना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारला की पुढं काय होतं, ते सगळ्या शाळेला ठाऊक होतं. वेंकोबाराव उठून उभे राहिले. चष्मा कपाळावर गेला. मी टेबलाची कड घट्ट धरली आणि मनातल्या मनात म्हटलं, नुसतं ‘येस मॅडम’ म्हणा हो. दोन शब्द. तुमचं काय जातंय? माझा संसार आहे त्यात.

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “मॅडम, मे आय आस्क द क्लास वन क्वेश्चन?” आणि परवानगीची वाट न बघता त्यांनी कामाक्षीकडे बोट केलं. समुद्रावरच्या चांदण्याचं वाक्य तिचं होतं. “व्हॉट डिड यू फर्गेट?”

कामाक्षी उभी राहिली. तेरा वर्षांची पोर, कधी खोटं न बोललेली. तिनं माझ्याकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं आणि तिचे डोळे भरून आले. “सर, मी चांदणं बघितलं नाही,” ती म्हणाली. “टीचरनी वाक्य दिलं.”

इन्स्पेक्ट्रेस बाईंचं पेन थांबलं. हेडमिस्ट्रेस लालबुंद. मला रडूसुद्धा आलं नाही. कऱ्हाडची गाडी, सासूबाईंची ओसरी, तांबरमच्या त्या व्हरांड्यातली रिकामी खुर्ची, एवढंच दिसायला लागलं.

तेव्हा वेंकोबाराव मराठीत बोलले. सबंध वर्गात ती भाषा समजणारी मी एकटी. “बाई, आतां तुम्ही सांगा. पोरींचें नको, तुमचें वाक्य सांगा. तुम्हीं काय विसरलांत, तें. खरें असेल तेंच.”

“व्हॉट इज ही सेइंग?” इन्स्पेक्ट्रेस बाईंनी विचारलं.

आता लपवायला उरलं तरी काय होतं? मी सांगून टाकलं. इंग्रजीत, अडखळत, फळ्याकडे बघत. गेल्या महिन्यात एका रविवारी मी यांना भेटायला निघाले होते. मांबलम स्टेशनाच्या वाटेवर एक फुलवाली बसते. यांना माझ्या केसांत फुलं आवडतात म्हणून हातभर मोगरा घ्यायला थांबले. आमच्याकडे गजरा सुईदोऱ्यानं ओवतात. ती बाई सुई न घेता, केळीच्या सोपटाचा धागा बोटाला अडकवून फुलं बांधत होती. दोन फुलं इकडे, दोन तिकडे, एक गाठ. बोटांकडे तिचं लक्षच नव्हतं. ती शेजारणीशी भांडत होती आणि बोटं आपली बांधत होती. मध्येच मरव्याची काडी, मध्येच अबोली. गाठ कुठं पडते ते मला दिसेना. आता दिसेल, आता दिसेल, म्हणून मी उभी राहिले. एक गाडी गेली, दुसरी गेली. सॅनिटोरियमला पोचले तेव्हा फाटक बंद झालं होतं. माझा नवरा तासभर वाट बघत बसला होता. आणि त्या सगळ्या वेळात तो आजारी आहे हे मी विसरले होते. “आय फर्गॉट माय हजबंड,” मी म्हटलं, “अँड इट वॉज एन्चांटिंग.”

मग इन्स्पेक्ट्रेस बाईंनी विचारलं, “तुम्ही त्यांना काय सांगितलं?”

“गाडी उशिरा आली, असं.”

“खरं कधी सांगितलं?”

“अजून नाही.”

त्यांनी पेनाला टोपण लावलं. “पंधरा मिनिटं उरली आहेत,” त्या म्हणाल्या. “तुमचा पाठ पुढं चालू करा.”

मी फळा पुसला. अर्थ पुसला, वाक्य पुसलं, नुसता तो शब्द ठेवला. आणि विचारलं, “कोण कोण काय काय विसरलं आहे?” हात वर आले नाहीत. उजवा की डावा, तेच पोरींना कळेना. शेवटी मागून एक उठली. गाय व्यायली ते बघत राहिले आणि चुलीवरचा भात करपला, म्हणाली. मग दुसरी. मग डाव्या हाताची एक, जी वर्षभर तोंड उघडत नव्हती. तिच्या इंग्रजीला ना शेंडा ना बुडखा, पण आजोबा विहिरीत पोहायला शिकवत होते आणि ती शाळेला यायचं विसरली, एवढं सगळ्यांना कळलं. कामाक्षी डोळे पुसत म्हणाली, “टीचर, मी काहीच विसरले नाही.” मी म्हटलं, “मग नाइस लिही. नाइस लिहिण्यात लाज नाही.” घंटा होईपर्यंत इन्स्पेक्ट्रेस बाई बसून होत्या.

त्यानंतरचे तीन आठवडे कसे काढले, ते माझं मला माहीत. शेरा आला तो असा: सुरुवातीस पाठ करवून घेतलेला, पुढे शिकवलेला. कायम करण्यास हरकत नाही. मात्र शिक्षिकेने सहा महिने श्री. राव यांच्या तासांना बसावे.

कायम झाले म्हणून देवापुढे साखर ठेवली आणि तडक वेंकोबारावांना गाठलं. पाण्याच्या माठापाशी उभे होते. मी म्हटलं, “राव सर, तुम्ही माझी नोकरी घालवली असतीत.”

“होय,” ते म्हणाले.

नुसतं होय! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. “एक ‘येस मॅडम’ म्हणायला तुमची जीभ झडत होती का?”

“कामाक्षी आमच्या ट्रिप्लिकेनची पोर. रोज संध्याकाळीं समुद्रावर दिसती,” ते म्हणाले. “तिजपाशीं खरें उत्तर असेल, ती सांगेल, तुमचा पाठ निभावेल, ऐसें मज वाटलें. चुकलों. पण त्या बाईंस होय म्हणणें मज जमेना.” मग तपकिरीची डबी उगीचच हातात फिरवत म्हणाले, “तुम्हीं त्या दिवशीं विचारिलें, मीं हा शब्द वापरिला की. सांगतों. मीं सोळा वर्षांचा. वडील तापानें फणफणत होते. वैद्यास आणावयास मज धाडिलें. वाटेंत मठांत मराठी कीर्तन चाललें होतें. उभा राहिलों. वैद्य घेवोन गेलों तों दोन प्रहर उलटले होते. वडील वांचले. पुढें वीस वर्षें जगले. कां उशीर झाला, तें मीं त्यांस कधींच सांगितलें नाहीं. तुम्ही तरी आपल्या यजमानांस सांगा.”

कुणाही माणसाचं मन अशा वेळी विरघळलं असतं. माझं नाही विरघळलं. मी म्हटलं, “तुमच्या वडिलांना तुम्ही सांगितलं नाहीत, त्याची शिक्षा माझ्या नवऱ्याला कशाला?” आणि पाय आपटत निघून गेले. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी कामापुरतं बोलायचं ठरवलं. खडू द्या, हजेरी घ्या, घंटा झाली. एवढंच.

यांना मात्र त्याच रविवारी सांगितलं. न सांगून करते काय? सगळ्या शाळेला माहीत, आणि नवऱ्याला माहीत नाही, असं कसं चालेल? हे कॉटवर बसून ऐकत होते. ऐकून म्हणाले, “मला माहीत होतं.”

“कसं?”

“मी व्हरांड्यातून तुला बघितलं ना, बंद फाटकाशी. केसांत फुलं होती. गाडीमुळं उशीर झालेली बाई धावत येते, फुलं माळून येत नाही.” मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. हे म्हणाले, “इथं चार भिंतींत माझ्याकडे सांगण्यासारखं काही नसतं. तू बाहेरून येतेस आणि ताप किती, खोकला किती, तेवढंच विचारतेस. ती गाठ कशी मारतात, ते तरी सांग.”

पुढच्या रविवारी मी मोगरा आणि सोपटाचे धागे घेऊन गेले. दोघांनी मिळून कॉटवर फुलं सांडली, एकही गाठ टिकली नाही. शेवटी या ड्राफ्ट्समननं कागदावर त्या गाठीच्या पाच पायऱ्या काढल्या, अगदी यंत्राचा नकाशा काढावा तशा. मग दर रविवारी मी पोचले, की हे पहिला प्रश्न तोच विचारायचे, “या आठवड्यात काय विसरलीस?” सांगण्यासाठी मला आठवडाभर डोळे उघडे ठेवून हिंडावं लागायचं. वर्ष-दीड वर्षानं हे बरे होऊन घरी आले. औषधांनी आले, प्रश्नानं नव्हे. पण ते रविवार आम्हाला त्या प्रश्नानं दिले, हे खोटं नाही.

इकडे मी शिक्षा भोगत होते. वेंकोबारावांच्या वर्गात मागच्या बाकावर, तोंड फुगवून. वही उघडी ठेवायची आणि काही लिहायचं नाही, असा माझा निषेध. एके दिवशी रीडरमधला रस्त्यांवरचा एक रटाळ धडा चालला होता. एका मुलीनं विचारलं, की ब्रेक नसलेली गाडी वळवतात कशी? त्यांनी पुस्तक मिटलं आणि तंजावरकडच्या रथोत्सवाचं सांगायला लागले. देवळाचा तो अवाढव्य रथ, ओढणारी शेकडो माणसं आणि चाकापुढं उघड्या पायांनी मागं मागं चालणारा एकच माणूस. त्याच्या हातात लाकडाची पाचर. रथ वळवायचा तर त्यानं ती पाचर फिरत्या चाकाखाली टाकायची आणि हात काढून घ्यायचा. आधी टाकली तर रथ अडतो, उशिरा टाकली तर हात जातो. वेंकोबाराव डस्टर घेऊन टेबलाच्या पायापाशी खाली वाकले, पन्नाशी उलटलेला माणूस, धोतराला खडू लागलेला. “चाक येत आहे,” ते म्हणाले. आम्ही सगळ्या श्वास धरून त्या टेबलाच्या पायाकडे बघत होतो. तो हलत नव्हता, हे कुणाच्या लक्षात नव्हतं.

त्या दिवशी सेकंड फॉर्मच्या वर्गात मी बरीच उशिरा पोचले. मुलींनी दंगा करून शाळा डोक्यावर घेतली होती. हेडमिस्ट्रेसनं झापलं. उशीर का झाला, ते मी कुणाला सांगितलं नाही. वेंकोबारावांना तर नाहीच.

चार वर्षांनी ते निवृत्त झाले. निरोपसमारंभाला चौकटीतलं छापील मानपत्र द्यायचं, सोनेरी अक्षरांत, वाचून दाखवून. इंग्रजी बरं म्हणून लिहायचं काम माझ्याकडे आलं. हेडमिस्ट्रेसनं जुन्या मानपत्राचा नमुना दिला. त्यात नाव बदललं की झालं, अशी सोय होती. एकेका ओळीत चार-चार विशेषणं. मी लाल पेन्सिल घेतली आणि एकेक खोडत गेले. शेवटी आठ ओळी उरल्या. त्यांत फक्त एक विशेषण ठेवलं.

सभागृह भरलं होतं. वेंकोबाराव गळ्यात हार घालून अवघडून बसले होते. मी वाचत गेले. शेवटची ओळ होती, की यांच्या वर्गात मागच्या बाकावर बसणं एन्चांटिंग होतं. पोरींत कुजबुज झाली. मी वर बघायच्या आतच चष्मा कपाळावर गेलेला होता. ते खुर्चीतून उठले, सभेची पर्वा न करता माझ्याजवळ आले आणि मराठीत, हळू आवाजात विचारलं, “काय विसरलांत, बाई?”

“सेकंड फॉर्मचा तास,” मी म्हटलं.

ते थांबून राहिले. आणखी काही आहे, हे त्यांना कळलं असावं. चार वर्षं या माणसाशी मी खडू-हजेरीपलीकडे बोलले नव्हते.

“आणि तुमच्यावर रागवायचं होतं, तेही,” मी म्हटलं. “त्याच दिवशी विसरले. सांगितलं मात्र नाही.”

त्यांनी माझ्या हातातलं मानपत्र घेतलं. सवयीनं हात कोटाच्या खिशाकडे गेला, लाल पेन्सिल अर्धी बाहेर आली. ती ओळ त्यांनी पुन्हा एकदा वाचली. मग पेन्सिल परत आत सरकवली.

“सरी,” ते म्हणाले. म्हणजे ठीक. “राहूं द्या.”